एकाच तारखेचा ऊस

"जुनं मशीन परत लाव," दरंदले साहेब म्हणाले. "आजच्या आज."

तोडणीची यादी गट ऑफिसच्या बोर्डावर सकाळी लागली होती, आणि दुपारच्या जेवणाआधी मी त्यांच्या केबिनमध्ये उभा होतो. दरंदले साहेब आमच्या साखर कारखान्याच्या ईडीपी विभागाचे, म्हणजे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखालचा एकुलता एक प्रोग्रामर, तोही टेम्पररी. साल १९९९. गळीत हंगाम तोंडावर आला होता.

समोरच्या खुर्चीत बबनतात्या बसले होते. तात्या म्हणजे आमच्या एका संचालकांचे चुलतभाऊ. ते माझ्याकडे न बघता साहेबांशीच बोलत होते.

"तीन साल माजं नाव वरच्या पाचात हाय. औंदा पार तळाला गेलंय. आन ह्याचा मामा कुठं हाय, इचारा त्याला. तिसरा हाय."

मी यादी बघितली. खरं होतं. सोपानमामांचं नाव तिसरं होतं. मी यादी छापली तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

साहेबांनी तात्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मग दार लोटून घेतलं आणि मला सांगितलं, की गोष्ट कार्यकारी संचालकांपर्यंत, म्हणजे एमडी साहेबांपर्यंत गेली आहे. परवा शेतकी विभागात बैठक आहे. "यादीत कोणी हात घातलाय असं निघालं तर तुला घरी जावं लागेल. मी काही बोलू शकणार नाही."

ही यादी काय असते ते आधी सांगतो. कारखान्याला सगळ्यांचा ऊस एकदम तोडता येत नाही. हंगाम पाच-सहा महिने चालतो. कोणाचा ऊस आधी आणि कोणाचा नंतर, हे लागणीच्या तारखेवरून ठरतं. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. याला तोडणी कार्यक्रम म्हणतात. तोड लवकर मिळाली तर रान मोकळं होतं आणि त्यात गहू घेता येतो. उशिरा मिळाली तर गव्हाचं पीक हुकतं, शिवाय उन्हात ऊस वाळून वजन घटतं. म्हणून आमच्या भागात तोडणीच्या यादीइतका बारकाईनं दुसरा कोणताच कागद वाचला जात नाही.

आता यातली गंमत. आडसाली ऊस, म्हणजे जो पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तोडतात, त्याची लागण कोणत्या तारखेपासून करायची हे कारखाना जाहीर करतो. त्या तारखेआधीची लागण नोंदवून घेत नाहीत. साहजिकच जो तो पहिलीच तारीख लिहितो. रानात कांडी पडलेली असो वा नसो, नोंद पहिल्या दिवसाची. शेतकी विभागातल्या सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. कारखान्यानं गावांचे जे गट पाडलेत, त्या प्रत्येक गटात निम्मे-अधिक सभासद एकाच तारखेचे.

या नोंदी ठेवायला माझ्या आधीच्या देशमुख सरांनी एक प्रोग्राम लिहिला होता. तोही साधासुधा नाही. कारखान्यात एक सर्व्हर ठेवला होता. सर्व्हर म्हणजे इतर कॉम्प्युटरांना मागतील ती माहिती पुरवणारा कॉम्प्युटर. गट ऑफिसमधला क्लार्क मोडेमवरून फोन लावायचा आणि त्याच्या पडद्यावर यादी दिसायची. आज मोबाईलवर वेबसाईट उघडते तोच प्रकार, फक्त फार सावकाश. एक पान यायला वेळ लागला की क्लार्क मंडळी तंबाखू मळून घेत.

हे सगळं देशमुख सरांनी ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर उभं केलं होतं. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्राम कोणालाही उघडून वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. जगभरातली माणसं मिळून ते लिहितात. मशीन चालवायला लिनक्स, पानं पुरवायला अपाची नावाचा वेब सर्व्हर, आणि यादी तयार करायला पर्ल नावाची प्रोग्रामिंगची भाषा. आमच्याकडं पर्लची चौथी आवृत्ती होती. बाहेर पाचवी येऊन बरीच वर्षं झाली होती. देशमुख सर मात्र सन दोन हजारच्या कामासाठी अमेरिकेला गेले ते गेलेच. जाताना त्यांनी माझ्या हातात सर्व्हरचा पासवर्ड दिला आणि शुभेच्छा दिल्या.

मी मूळचा कर्जत तालुक्यातला. घरची जमीन कोरडवाहू. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी सोपानमामांकडे राहून केली. पुणतांब्याच्या अलीकडं कालव्यावर त्यांची दोन एकर जमीन. मामी पहाटे माझा डबा करायची आणि मामा सायकलवरून मला एस.टी.च्या थांब्यावर सोडायचे. पुढं नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि या कारखान्यात लागलो. ही नोकरी माझ्या एकट्याची आहे असं मला कधीच वाटलं नाही.

आल्या आल्या मी साहेबांना म्हणालो होतो, की हे सगळं सॉफ्टवेअर जुनं झालंय, अपग्रेड करायला हवं. साहेब मूळचे मेकॅनिकलचे. मिलवर बरीच वर्षं काढून मग कॉम्प्युटर विभागाला आलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"चालतंय ना?"

"चालतंय सर."

"मग?"

मी सांगितलं, की दरवर्षी उन्हाळ्यात आपण सगळी मिल खोलतो. रोलर काढतो, बेअरिंग बघतो, बॉयलरच्या नळ्या साफ करतो. चालू असलेलीच मशीनं असतात ना ती? मग सॉफ्टवेअरलाही ऑफ सीझन द्यावा.

"लोखंड झिजतं," साहेब म्हणाले. "प्रोग्राम कुठं झिजतो?"



दुसरा मुद्दा त्यांनी काढला तो जास्त वजनदार होता. गिअर बॉक्स मोडला तर कंपनीचा माणूस पुण्याहून येतो. या पर्लचा माणूस कुठून येणार? कोणाला फोन करायचा? मी म्हणालो, इंटरनेटवर विचारता येतं, लोक उत्तर देतात. साहेब म्हणाले, "यार्डात गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलीय आणि मी इंटरनेटवर कोणी उत्तर देतंय का बघत बसू?"

त्यांची भीती खोटी नव्हती. हंगामात यादी बंद पडली की ऊसतोडीच्या टोळ्यांना कुठं पाठवायचं ते कळत नाही, मिलला ऊस कमी पडतो, आणि बॉयलर थंड करायची पाळी आली की चेअरमनपर्यंत फोन जातात. ज्यानं हे लिहिलं तो माणूस साता समुद्रापार. जे आहे ते कसं चालतं हे आम्हा दोघांपैकी कोणालाच पुरतं कळत नव्हतं. अशा वेळी हात न लावणं शहाणपणाचंच वाटतं. पुढं चैत्रात विचारलं तर साहेब म्हणाले वार्षिक सभा होऊ दे. सभेनंतर म्हणाले लागणीच्या नोंदी होऊ देत. नंतर मीही विचारायचं सोडलं.

शेवटी मशीननंच विषय काढला. गणपतीच्या सुमारास सर्व्हरच्या हार्डडिस्कमधून कर्र कर्र आवाज यायला लागला. साहेबांनी वाकून कान लावला. बेअरिंगचा आवाज ओळखणारा माणूस. "ही हंगाम काढत नाही," म्हणाले, आणि नवं मशीन मागवलं.

त्यांचा विचार असा, की नव्या मशीनवर जुनंच सगळं जसंच्या तसं बसवायचं. मी तसा प्रयत्न केला. पण जुन्या लिनक्सला नव्या मशीनची डिस्कच दिसेना. ती लिहिली तेव्हा असली मशीनं निघालीच नव्हती. नवी लिनक्स टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेली सीडी माझ्याकडं होती. तिच्याबरोबर अपाचीही नवा आला आणि पर्लची पाचवी आवृत्तीही. साहेबांना मी तेव्हा म्हणालो, की सर, प्रोग्राम झिजत नाही, पण ज्यावर तो उभा असतो ते सगळं बदलतं. त्यांनी नुसतं हं केलं.

"आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत," एवढीच त्यांची अट होती.

देशमुख सरांचे काही प्रोग्राम नव्या भाषेत चालेनात. एकेक दुरुस्त केला. मग जुन्या मशीनवरून आणि नव्या मशीनवरून तेच आकडे काढून ताडून बघितले. गटवार सभासद, क्षेत्र, अंदाजे टनेज. एका गुंठ्याचा फरक नव्हता. साहेबांनी स्वतः तपासले आणि सही केली. जुनं मशीन स्टोअरमध्ये गेलं. नव्या मशीनवरून पहिली यादी निघाली, आणि ती बोर्डावर लागल्यावर काय झालं ते वर सांगितलंच आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी खोलीवर पोचलो तर सोपानमामा पायरीवर बसलेले. हातात पेढ्यांचा पुडा.

"लई झाक काम केलंस," म्हणाले. "तिसरा नंबर. औंदा गहू व्हनार आपला."

मी म्हणालो, "मामा, मी काही केलेलं नाही."

मामांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बराबर हाय. कुनी इचारलं तर आसंच म्हनायचं."

मी परत परत सांगितलं. नंबर कसा आला ते मलाही कळत नाहीय, माझी नोकरी जायची वेळ आली आहे, हेही सांगितलं. नोकरीचं ऐकून ते जरा गंभीर झाले. मग बोलण्याबोलण्यात निघालं, की सकाळी यादी वाचल्या वाचल्या त्यांनी हॉटेलात बसून चारचौघांना चहा पाजला होता आणि भाचा कंप्युटरला असल्याचं सांगितलं होतं. तात्या एवढ्या तडक साहेबांकडं कसे आले याचा मला उलगडा झाला. मी पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी जुनं मशीन स्टोअरमधून आणलं. कर्र कर्र करत का होईना, पण चालू झालं. दोन्ही मशीनवर मामांच्या आणि तात्यांच्या गटाची यादी काढली आणि शेजारी शेजारी ठेवून ओळीनं वाचत गेलो. नावं तीच. क्षेत्र तेच. तारखाही बरोबर चढत्या क्रमानं. फक्त पहिल्या तारखेच्या लोकांचा आपसातला क्रम पूर्ण वेगळा.

मग मी देशमुख सरांचा प्रोग्राम पुन्हा वाचला. या वेळी आकड्यांसाठी नाही, क्रमासाठी. त्यांनी एवढंच लिहिलं होतं: तारखेप्रमाणे लाव. दोघांची तारीख एकच असेल तर कोणाला आधी घ्यायचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. आपण सांगितलं नाही की भाषा तिच्या सोयीनं लावते. पोती रचताना हमाल जे हाताला येईल ते आधी उचलतो, तसं. जुन्या पर्लची उचलायची पद्धत एक, नवीची दुसरी. पर्लबरोबर येणाऱ्या माहितीतही लिहिलेलं होतं, की या क्रमावर विसंबू नका. जुनी पद्धत ठरलेली असल्यामुळं आणि पहिल्या तारखेचे सभासद दरवर्षी जवळजवळ तेच असल्यामुळं दरवर्षी साधारण तीच माणसं वर यायची. बबनतात्या वर, मुरलीअण्णा नावाचे एक म्हातारे शेतकरी तळाला. देशमुख सरांनी यादीला डाव्या बाजूला एक, दोन, तीन असे अनुक्रमांक टाकले होते. ते मोजायला सोपं जावं म्हणून. लोकांनी त्यांना नंबर मानलं, आणि चिटबॉयही, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा माणूस, त्याच क्रमानं तोड देत गेला.

मी साहेबांना सगळं दाखवलं. त्यांनी दोन्ही याद्या बराच वेळ बघितल्या.

"म्हणजे जुन्यातच चूक होती."

"चूक म्हणता येणार नाही सर. ते ठरवलंच नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी एक मार्ग सांगितला. जुन्या यादीतला क्रम नव्या मशीनमध्ये तसाच भरून टाकायचा. तात्या परत वर जातील, माझा मामा खाली जाईल, बैठकीत सांगायचं की नव्या मशीनमध्ये बिघाड होता, तो काढला. सगळे गप्प बसतील. काम अर्ध्या दिवसाचं होतं आणि त्यात माझीही सुटका होती. साहेब माझ्या भल्यासाठीच सांगत होते.

मी म्हणालो, "सर, आजपर्यंत यादीत कोणीच हात घातलेला नाही. हा क्रम मी भरला तर पहिला हात माझा असेल."

साहेबांनी चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाले, "दोन्ही मशीनं बैठकीला घे. पण तुला जे समजलंय ते त्यांना समजलं पाहिजे. पर्ल-बिर्ल बोलू नकोस."

बैठकीला शेतकी विभागाचा हॉल भरला होता. टेबलामागं एमडी साहेब आणि मुख्य शेतकी अधिकारी वाबळे साहेब. समोर त्या गटातले शेतकरी. बबनतात्या पहिल्या रांगेत. मुरलीअण्णा खिडकीशी, ज्यांचं नाव तीन वर्षं तळाला होतं आणि यंदा मध्यावर आलं होतं. सोपानमामा अगदी मागं, दाराजवळ.

सुरुवातीलाच मुरलीअण्णा उठले. म्हणाले, यंदाची यादी बरोबर हाय, इतकी वर्षं संचालकाच्या घरचा वशिला चालत होता, ह्या पोरानं तो मोडला, त्याला शाबासकी द्या. तात्या उसळले. म्हणाले, वशिला कुणाचा ते मामाचा नंबर बघून कळतंय. हॉलमध्ये दोन बाजू पडल्या. माझी बाजू घेणारेही मी यादी बदलली असंच धरून चालले होते, ही माझी खरी अडचण होती.

एमडी साहेबांनी मला बोलायला सांगितलं. मी विचारलं, एक गोष्ट करून दाखवू का? ते हो म्हणाले.

"तात्या, तुमचं नाव थोडा वेळ यादीतून काढतो."

"काढशील, पन परत घालशील का?" तात्या म्हणाले. हॉल हसला.

मी नव्या मशीनवर सगळ्यांसमोर त्यांचं एकट्याचं नाव काढलं, यादी पुन्हा छापली आणि वाबळे साहेबांना मोठ्यानं वाचायला दिली. तात्या पहिल्या तारखेच्या लोकांत तळाला होते. ते गेल्यावर वरच्यांचा क्रम तोच राहायला हवा होता, असं कोणालाही वाटेल. पण पहिल्या तारखेचे लोक आपसात पार इकडचे तिकडं झाले होते. सोपानमामा तिसऱ्यावरून खाली घसरले होते. वाबळे साहेब वाचता वाचता थांबले आणि आधीची यादी मागितली. मी तात्यांचं नाव परत घातलं. क्रम पुन्हा पहिल्यासारखा. मग जुन्या मशीनवर हेच केलं. तिथंही एक नाव काढलं की बाकीचे हलले.

प्रिंटर थांबल्यावर पंख्याचा आवाज यायला लागला.

मुरलीअण्णा उभेच होते. त्यांनी सावकाश विचारलं, "म्हंजी तीन हंगाम आमचा नंबर कोन लावत हुतं?"

"कोणीच नाही, अण्णा."

"कुनीच न्हाई?"

"तारीख मशीन बघत होतं. एका तारखेचे किती का असेनात, त्यांच्यात आधी कोण, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते आपलं कसंही लावायचं. आपण त्याला नंबर समजलो."

तात्या म्हणाले, "आसं कसं? मग ह्याचा मामा वर कसा आला?"

"तुम्ही तीन वर्षं जसे येत होता, तसाच."

यावर जे हसू उठलं ते बराच वेळ थांबलं नाही. तात्या मात्र हसले नाहीत. तीन वर्षं गावात त्यांनी चुलतभावाच्या शब्दामुळं आपली तोड आधी होते असं लोकांना मानू दिलं होतं. मला वाटतं, त्यांचा स्वतःचाही तसाच समज असावा. आता कळत होतं की संचालकांनी त्यांच्यासाठी काहीच केलेलं नव्हतं. ते उपरण्यानं मान पुसत राहिले. मी मागं बघितलं. सोपानमामा दाराजवळ नव्हते. ते निघून गेले होते.

एमडी साहेबांनी वाबळे साहेबांना विचारलं, कॉम्प्युटर यायच्या आधी काय पद्धत होती? वाबळे साहेब जुने. ते म्हणाले, एका तारखेचे असले की गट ऑफिसात चिठ्ठ्या टाकायचो. तांब्यात चिठ्ठ्या, सगळ्यांसमोर काढायच्या, मग कोणी कुरकुरत नसे. एमडी साहेब म्हणाले, मग बंद का केलं? वाबळे साहेब जरा अडखळले. "बंद असं कोणी केलं नाही साहेब. यादीच नंबर पडून यायला लागली. मग चिठ्ठ्या टाकायचं कोणाच्या मनातच आलं नाही."

तिथंच ठरलं, की परत चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठीत जो क्रमांक निघेल तो कॉम्प्युटरमध्ये भरायचा आणि तारीख एक असेल तर यादी त्या क्रमांकानं लावायची. माझ्याकडून प्रोग्राममध्ये एक रकाना वाढला आणि दोन ओळी. पर्लच्या चौथ्या, पाचव्या किंवा पुढं येईल त्या आवृत्तीत तो क्रम बदलणार नव्हता, कारण आता तो माणसांनी ठरवलेला होता.

बैठक संपल्यावर एमडी साहेब मला वेगळं काही म्हणाले नाहीत. मी कामावर राहिलो, हाच निकाल. दरंदले साहेब जिन्यात म्हणाले, "हे दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं, मी हात लावू दिला असता तर." थोडं थांबून म्हणाले, "पण ओरड तेव्हाही झालीच असती." दोन्ही खरं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ऑफ सीझनच्या कामांमध्ये मिल, बॉयलर, पॅन यांच्या खाली त्यांनी स्वतःच्या हातानं सर्व्हर लिहिला.

चिठ्ठ्या गट ऑफिसच्या ओट्यावर टाकल्या. मी मुद्दाम गेलो नाही. मुरलीअण्णांची चिठ्ठी पुन्हा खालचीच निघाली. ते म्हणाले म्हणे, की आता तक्रार करायची तर माझ्याच हाताची करावी लागंल. तात्या मध्यावर आले. सोपानमामा त्या तारखेच्या लोकांत शेवटून चौथे.

मी भेटायला गेलो तेव्हा मामा रानात पाणी धरून होते. मी बांधावर बसून राहिलो. मी म्हणालो, मामा, तुमचा गहू हुकला. त्यांनी फावड्यानं बारं फोडलं, पाणी दुसऱ्या सरीत वळवलं.

"गव्हाचं जाऊ दे," म्हणाले. "हाटेलात आता माज्याकडं बघून हसत्यात."

मामीनं जेवून जा म्हणून आवाज दिला, तेव्हा आम्ही दोघंही उठलो.

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी काम केलं. कारखाना, दूध संघ, मग पुण्यातल्या कंपन्या. सगळीकडं कुठलं तरी जुनं सॉफ्टवेअर कोपऱ्यात चालू असतं आणि कोणी ना कोणी म्हणतं, चालतंय, हात लावू नका. मी वाद घालत नाही. एवढंच विचारतो, की ते नेमकं काय करतं हे इथं कोणाला सांगता येईल? सांगता आलं तर अपग्रेड थोडं थांबलं तरी चालतं. नाही सांगता आलं, तर त्या मशीननं आपल्या वतीनं काय काय ठरवून टाकलंय, ते एकदा उघडून बघावं लागतं. नवं सॉफ्टवेअर हे उघडून बघायचं काम आपल्याकडून करून घेतं, म्हणून ते कोणाला आवडत नाही.

मामांचा ऊस माघाच्या शेवटी तुटला. रिकाम्या रानात त्यांनी उन्हाळी भुईमूग केला. तो चांगला आला, आणि त्यात भाच्याचा काही हात नाही, हे ते हॉटेलात सगळ्यांना आवर्जून सांगत.